पस्तीस एकरांचा ठिपका

वणव्यांवर बोलायचं म्हटलं की उत्तराखंडातली चिडाची जंगलं आठवतात, बांदीपूर आठवतं, आपल्याकडचं मेळघाट आणि गडचिरोली आठवतं. बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्याचं कोहिनूर आणि तिथून जवळच सुरू होणारी कलबुर्गीची हद्द या यादीत कधी येत नाही. कारण उघड आहे. इथे दाट जंगल नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी: माळावरची कुसळी, पळस, खैर, बोरी-बाभळी, सीताफळीची झुडपं, वनखात्याच्या राखीव पट्ट्यांतली लागवड, गावोगावची गायरानं. या सगळ्याला खेटून तूर, ज्वारी, हरभरा आणि ऊस. पूर्वेला कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळी तालुक्यात मात्र सलग जंगल आहे. तेलंगणाच्या हद्दीला लागलेलं, शुष्क पानगळीचं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं हे चिंचोळी वन्यजीव अभयारण्य २०११ साली घोषित झालं. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत या सगळ्या मुलखात कुठे ना कुठे धूर दिसतोच, पण त्याची मोजदाद कुणाच्या वहीत नसते.

गेल्या पंचवीस वर्षांत वणवे शोधण्याचं आणि मोजण्याचं तंत्र फार पुढे गेलं आहे. आज आकाशातून दिवसातून अनेकदा आपली जमीन तपासली जाते आणि ती माहिती जगातल्या कुणालाही फुकट मिळते. प्रश्न असा, की ही व्यवस्था ज्या मोठ्या जंगलांना डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली, त्यांच्या बाहेरच्या अशा तुटक, माळरानी, सीमेवरच्या प्रदेशाला तिचा उपयोग किती? माझं उत्तर आधीच सांगतो. आग विझवायला धावण्यासाठी तो उपयोग आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे. वर्षानुवर्षांची नोंद ठेवण्यासाठी मात्र तो समजतो त्याहून कितीतरी जास्त आहे, आणि नेमकं तेच काम आपण करत नाही.

उपग्रहाला आग कशी दिसते, हे आधी पाहू. तो धूर किंवा ज्वाळा बघत नाही, उष्णता बघतो. तापलेल्या प्रत्येक वस्तूतून किरण निघतात आणि तापमानाप्रमाणे त्यांची तरंगलांबी बदलते. उन्हाळ्यात पन्नास-साठ अंशांना तापलेली जमीन सर्वाधिक किरण ९-१० मायक्रॉनच्या आसपास सोडते, तर सातशे-आठशे अंशांची ज्वाळा ३ मायक्रॉनच्या जवळ. म्हणून उपग्रहावरचा संवेदक एकाच जागेकडे सुमारे ४ आणि ११ मायक्रॉन अशा दोन पट्ट्यांतून बघतो. पहिल्या पट्ट्यात ती जागा अचानक झळकली आणि दुसऱ्यात तेवढी झळकली नाही, तर तिथे आग असण्याची शक्यता असते. मग शेजारच्या जागांशी तुलना होते, कारण बिदरचा उघडा जांभा किंवा नांगरलेली काळी जमीन भर दुपारी नुसत्या उन्हानेच इतकी तापते की एकट्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

या कामाचा पाया घातला तो नासाच्या मोडिस या संवेदकाने. तो टेरा आणि अॅक्वा या दोन उपग्रहांवर आहे. टेरा डिसेंबर १९९९ मध्ये गेला, अॅक्वा मे २००२ मध्ये. दोन्ही आता म्हातारे झालेत, त्यांच्या कक्षा सरकत चालल्या आहेत. त्यानंतर व्हिअर्स हा संवेदक आला: २०११ साली सुओमी एनपीपी उपग्रहावर, २०१७ साली नोआ-२० वर आणि २०२२ साली नोआ-२१ वर. मोडिसचा एक चौकोन एक किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. अहवालांत हे आकडे असेच दिले जातात आणि वाचणारा पुढे जातो. शेतकऱ्याला समजेल अशा मापात ते मांडले तर सगळं चित्रच बदलतं.

मोडिसचा चौकोन म्हणजे २४७ एकर. व्हिअर्सचा म्हणजे सुमारे ३५ एकर. आपल्या इन्सॅट-३डी मालिकेतले उपग्रह विषुववृत्तावर एकाच जागी थांबून दर अर्ध्या तासाला देशाचं चित्र घेतात, पण उष्णतेच्या पट्ट्यात त्यांचा चौकोन चार किलोमीटरचा, म्हणजे जवळपास चार हजार एकर. लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. आणि युरोपच्या सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा चौकोन म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ नेमका एक गुंठा. गुंठ्यावर बघणारा उपग्रह पाच दिवसांतून एकदा येतो आणि आगीची उष्णता मोजत नाही. चार हजार एकरांवर बघणारा अर्ध्या तासाला बघतो. जितकं बारीक, तितकं उशिरा. वणव्याच्या नकाशाशास्त्रातली सगळी ओढाताण या एका गोष्टीत आहे.

पस्तीस एकरांच्या चौकोनात आग दिसायला ती पस्तीस एकर पसरलेली असावी लागत नाही. मोडिसच्या चौकोनातही साधारण हजार चौरस मीटरची धगधगती आग पकडली जाते, म्हणजे दहा गुंठ्यांची. व्हिअर्सला त्याहून लहान आगही सापडते. पण नकाशावर जो ठिपका उमटतो तो आगीच्या जागेवर नसतो. तो चौकोनाच्या मध्यावर असतो. कोहिनूरच्या शिवारात एका चौकोनात आठ-दहा खातेदारांची रानं, एक बांध, ओढ्याचा काठ आणि गायरानाचा कोपरा सहज मावेल. ठिपका कुणाच्या रानात पडला हे त्यावरून सांगता येत नाही, आणि सांगू नये. पंजाबात काडीकचरा जाळण्याच्या प्रकरणांत उपग्रहाच्या ठिपक्यांचा आधार घेऊन शेतकऱ्यांच्या जमीननोंदीत लाल शेरे मारले गेले. ज्या साधनाचं माप पस्तीस एकर आहे त्याच्या भरवशावर दोन एकरवाल्याला गुन्हेगार ठरवणं हा त्या साधनाचाही गैरवापर आहे.

आता आपल्याकडची व्यवस्था. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून मोडिसच्या आधारे राज्यांना वणव्यांच्या सूचना द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून व्हिअर्सची जोड मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये या सूचनाप्रणालीची तिसरी आवृत्ती आली आणि ठिपका थेट बीटपर्यंत, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीपर्यंत नेऊन त्याच्या मोबाइलवर संदेश पाठवणं बरंचसं यंत्रावर सोपवता आलं. मधल्या काळात मध्य प्रदेशच्या वनखात्याने मोबाइल संदेशांची स्वतःची पद्धत बसवून रस्ता दाखवला होता. उपग्रहांची माहिती उतरते ती हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शादनगर केंद्रावर. हैदराबाद बिदरहून जेमतेम दीडशे किलोमीटर. देशाच्या वणव्यांचा कान आपल्या इतका जवळ आहे.

आकडे प्रचंड आहेत. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या हंगामात देशभरात व्हिअर्सचे ३,४५,९८९ ठिपके नोंदले गेले. २०२१-२२ मध्ये ते २,२३,३३३ झाले, २०२२-२३ मध्ये २,१२,२४९ आणि २०२३-२४ मध्ये २,०३,५४४. वर्तमानपत्रांत याचा मथळा होतो: वणवे घटले. तसा निष्कर्ष काढण्याआधी थांबावं लागतं. ठिपका म्हणजे वणवा नव्हे. चार दिवस जळणारं एक जंगल पन्नास ठिपके देतं, आणि पाऊण तासात संपलेले पन्नास माळ एकही देत नाहीत.

इथेच आपल्या मुलखाची अडचण सुरू होते. जंगलातली आग पालापाचोळ्यात, वाळक्या ओंडक्यांत तासन्‌तास, कधी रात्रभर धुमसते. पुढच्या फेरीला उपग्रहाला ती सापडतेच. माळावरची आग तशी नसते. कुसळीला लागलेली आग वाऱ्याबरोबर पातळ रेघेसारखी पळते, मागे राख सोडते आणि ती राख काही मिनिटांत थंड होते. व्हिअर्सवाले तिन्ही उपग्रह भारतावरून जातात ते दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे, तासाभराच्या अंतराने. उपग्रह तीन असले तरी वेळ जवळपास एकच. शेतकरी उसाचं पाचट किंवा बांधावरचं गवत पेटवतो ते बहुधा ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर. संध्याकाळी पाचला लागलेली आणि सातला विझलेली आग त्या दिवशीच्या नोंदीत असणारच नाही. पंजाब-हरियाणात २०२४ साली हीच गोष्ट उघड झाली. दुपारच्या फेरीत ठिपके घटलेले दिसत होते, पण स्थिर कक्षेतल्या कोरियाच्या उपग्रहाच्या चित्रांत उशिरा दुपारचा धूर ठळक होता.

दुसरी अडचण उलट बाजूची. आग नसताना ठिपका पडतो. कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, मळखेड, सेडम या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांसारख्या सतत तापलेल्या जागा उपग्रहाला आगीसारख्या दिसतात. अशा कायमच्या जागा ओळखून बाजूला काढता येतात, कारण त्या वर्षभर एकाच ठिकाणी चमकतात. उसाच्या पाचटाचं तसं नाही. साखर कारखान्यांचा हंगाम आणि वणव्यांचा हंगाम एकमेकांवर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये भालकी, हुमनाबाद, बसवकल्याणकडे ऊस तुटत असतो, तोडणीनंतर रानात हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडून राहतं आणि खोडवा राखण्याआधी अनेक जण ते पेटवतात. त्यातली एखादी आग बांध ओलांडून गायरानात जाते. उपग्रहाला दोन्ही सारख्याच.

भारतीय वन सर्वेक्षण ही गुंतागुंत सोडवतं ते चाळणी लावून. जे ठिपके जंगलाच्या नकाशात पडतात तेवढ्यांचीच सूचना वनखात्याला जाते, बाकीचे गाळले जातात. मोठ्या जंगलांसाठी ही चाळणी योग्यच आहे. तिच्याशिवाय गडचिरोलीचा वनरक्षक शेतातल्या प्रत्येक धुरामागे धावत बसेल. पण कोहिनूरसारख्या ठिकाणी गायरान जंगल नाही, पडीक माळ जंगल नाही. तिथली आग वनखात्याच्या चाळणीतून खाली पडते आणि महसूल खात्याकडे तर अशी चाळणीच नाही. ती आग कुणाचीच नसते.

आणि हे काही गवताच्या चार काड्यांचं प्रकरण नाही. बिदरच्या माळांवर काळवीट आहेत. त्यांच्यामागे लांडगा आहे, कोल्हा आहे. पखुर्ड्या, चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि त्यांच्या विणीच्या काळातला मोठा भाग याच उन्हाळ्यात येतो. इथून पश्चिमेला सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून याच प्रकारच्या गवताळ जमिनीसाठी आहे. तरी सरकारी नकाशांनी अशा जमिनीला दीर्घकाळ पडीक म्हटलं. केंद्र सरकारने २००० सालापासून काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि निकृष्ट कुरणं त्याच रकान्यात बसवलेली आहेत. अलीकडे एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या कोरड्या प्रदेशांतल्या उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. त्यात देशाच्या सुमारे दहा टक्के जमीन बसली: तीन लाख चौरस किलोमीटरहून जास्त. दख्खनचे माळ त्यात ठळक दिसतात. वणव्यांची चाळणी बदलायची असेल तर सुरुवात या नकाशापासून करता येईल. जंगलाच्या थराशेजारी माळाचा थर ठेवला की गळून पडणारे ठिपके परत हातात येतात.

हा झाला जळताना दिसणाऱ्या आगीचा हिशोब. माझ्या मते आपल्यासाठी जास्त मोलाचं तंत्र दुसरं आहे: जळून गेल्यावर राहिलेला डाग मोजणं.

हिरवं किंवा वाळलेलं गवत जवळच्या अवरक्त पट्ट्यात बराच प्रकाश परत फेकतं. जळालं की हे परावर्तन एकदम खाली येतं आणि त्यापुढच्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यातलं परावर्तन सहसा वाढतं. आगीआधीचं आणि नंतरचं चित्र घेऊन या दोन पट्ट्यांचं गुणोत्तर ताडून पाहिलं की जळालेला भाग उठून दिसतो. सेंटिनेल-२ मध्ये लघुतरंग पट्ट्याचा चौकोन वीस मीटरचा आहे, म्हणजे चार गुंठ्यांचा. एकराचा माळ जळाला तर तो सापडतो. मोठ्या चौकोनांवर विसंबण्याने किती निसटतं याचा धडा आफ्रिकेतून मिळाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचं २०१६ सालचं जळीत क्षेत्र सेंटिनेल-२ वरून मोजलं, तेव्हा ते मोडिसच्या प्रचलित नोंदीपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त निघालं. फरक मुख्यतः लहान आगींचा होता. गवत, झुडपं आणि मधेमधे शेतं, असा तिथला बराच मुलूख आपल्या माळांच्या जातीचाच आहे.

हे तंत्र इथे आणताना मात्र जमीन ओळखावी लागते, आणि परगावचा तज्ज्ञ इथेच फसतो. बिदरच्या आसपासच्या लाल जांभ्याच्या पठारावर काळा डाग स्पष्ट दिसतो. बसवकल्याणकडून कलबुर्गीकडे जावं तशी काळी जमीन लागते. नुकतं नांगरलेलं काळं रान आणि जळालेलं रान उपग्रहाला सारखंच काळं दिसतं. त्यात तूर निघते डिसेंबर-जानेवारीत, ज्वारी आणि हरभरा निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पीक निघालं की जवळच्या अवरक्त पट्ट्यातलं परावर्तन तसंही पडतं, आणि यंत्र त्याला जळीत समजू शकतं. म्हणून पिकांचं वेळापत्रक आणि शेताच्या हद्दी यांचा थर खाली घातल्याशिवाय या भागाचा जळीत नकाशा खरा होत नाही. शिवाय घाई करावी लागते. जंगलातला डाग महिनोन्‌महिने टिकतो. माळावरची राख वाऱ्याने आठ-पंधरा दिवसांत उडते आणि खालची लाल माती उघडी पडते. दर पाच दिवसांचं चित्र हंगामभर न चुकता बघितलं तरच नोंद पूर्ण होते. सुदैवाने फेब्रुवारी-मार्चमध्ये इथलं आकाश बहुतेक निरभ्र असतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग आले की अडचण वाढते.

कर्नाटकात या मोजणीचं सर्वांत ठळक उदाहरण बांदीपूरचं. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटच्या दहा दिवसांत बांदीपूर व्याघ्र प्रकल्पात वणवा भडकला. घाणेरीने भरलेलं, वाळलेलं रान आणि जोराचा वारा. शेवटी हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन आली. किती जळालं यावर वेगवेगळे आकडे फिरत होते. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने चित्रांवरून मोजून १०,९२० एकर हा आकडा दिला आणि चर्चा एका जागी आली. लक्षात घ्या, उपग्रहाने ती आग विझवली नाही. त्याने ती मोजली. पुढे कुठे घाणेरी काढायची, कुठे जाळरेषा रुंद करायच्या, कुठे हंगामी वणवा-रखवालदार वाढवायचे, हे अशाच मोजणीवरून ठरवता येतं.

आग लागल्यावर सूचना किती वेळात पोहोचते, याचंही वास्तव सांगायला हवं. उपग्रह जातो, माहिती उतरते, गणित होतं, चाळणी लागते, मग संदेश जातो. नासाच्या फर्म्स या सेवेचं जागतिक उद्दिष्टच तीन तासांच्या आत ठिपका दाखवण्याचं आहे. चिंचोळीच्या जंगलात रात्रभर धुमसणाऱ्या आगीसाठी तीन तास उपयोगाचे आहेत. माळासाठी नाहीत. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर आग धावून आली आणि पदभ्रमणाला गेलेल्या वीसहून अधिक जणांचा जीव गेला. गवताची आग किती वेगाने माणसाला गाठते हे तिथे दिसलं. तीन तासांनी आलेला संदेश अशा ठिकाणी कुणाला वाचवणार नाही. ती जागा मार्चमध्ये पेटते हे आधी ठाऊक असणं कदाचित वाचवेल.

हे आधी ठाऊक असणं म्हणजेच नोंद. मोडिसचे ठिपके २००० च्या अखेरीपासून साठवलेले आहेत, व्हिअर्सचे २०१२ पासून. लँडसॅटची चित्रं १९८४ पासून ३० मीटरच्या मापात उपलब्ध आहेत आणि २००८ पासून तो सगळा साठा फुकट आहे. एखाद्या गायरानाचे गेले दहा उन्हाळे सेंटिनेलच्या चित्रांतून एकापाठोपाठ एक बघता येतात. कोणता माळ दरवर्षी जळतो, कोणता तीन वर्षांतून एकदा, कोणता कधीच नाही; आग रस्त्याच्या कडेने सुरू होते की उसाच्या फडाकडून; चांगल्या पावसानंतरच्या उन्हाळ्यात गवत जास्त म्हणून जळीतही जास्त होतं का. ही उत्तरं आजही संग्रहात पडून आहेत. बिदर-कलबुर्गीच्या हद्दीवर बसून ती कुणी काढायची, एवढंच ठरवायचं आहे.

अशा नोंदीवर काम उभं राहू शकतं, हे उत्तर ऑस्ट्रेलियाने दाखवलं. तिथल्या सव्हानाचं आणि आपल्या माळाचं नातं लांबचं असलं तरी आहे. तिथली नाफी ही सेवा ठिपके आणि जळीत क्षेत्र दोन्ही नकाशावर दाखवते, आणि ती वापरणाऱ्यांत आदिवासी रेंजरांचे गट आहेत. मागचं जळीत बघून ते कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच, गवत अर्धवट ओलं असताना, ठिकठिकाणी लहान आगी लावतात, म्हणजे पुढे मोठी आग पसरायला सलग गवत उरत नाही. पश्चिम अर्नहेम लँडमध्ये २००६ पासून हे काम कार्बनच्या हिशोबाशी जोडलं गेलं. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आपल्या उसाच्या पट्ट्याने वाचण्यासारखी आहे. तिथे २००४ साली एस्कॉम या वीज कंपनीने तिथल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेबरोबर उपग्रहसूचना सुरू केल्या, कारण गवताच्या आणि उसाच्या आगींनी उच्च दाबाच्या तारा बंद पडत होत्या. ज्याचं नुकसान होतं त्याने पुढाकार घेतला, म्हणून ती व्यवस्था टिकली.

आपल्याकडे उलटी बाजूही विसरू नये: प्रत्येक आग शत्रू नसते. कर्नाटकातच बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिग लोक हंगामाच्या सुरुवातीला पालापाचोळ्याची हलकी आग लावत. अभयारण्य झाल्यावर ती बंद पडली, आणि पुढे घाणेरी वाढण्यामागचं ते एक कारण असल्याचं सोलिग सांगतात, अभ्यासकही ते गंभीरपणे घेतात. विदर्भात मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालची जागा जाळली जाते, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून रान पेटवलं जातं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाल्याचं संकलनच सोडून दिलं, त्यात फांद्यांची छाटणी आणि वणवे थांबावेत हे एक कारण होतं. हा निर्णय कुठल्या ठिपक्याने घ्यायला लावला नाही, गावाने घेतला. पण असा निर्णय पाळला जातो की नाही, त्याने काय बदललं, हे दाखवायला उपग्रहाइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

नव्या साधनांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये उंचावर कॅमेरा बसवून, कृत्रिम बुद्धिमत्तेने धूर ओळखणारी प्रणाली सुरू झाली. सलग जंगलाला ती शोभते, तुकड्यांना परवडणारी नाही. मार्च २०२५ मध्ये फायरसॅट मालिकेतला पहिला प्रायोगिक उपग्रह गेला. पाच मीटरची आग ओळखायची आणि पुढे पन्नासहून अधिक उपग्रह सोडून दर वीस मिनिटांनी सगळं जग बघायचं, असा तो बेत आहे. तो तडीस गेला तर वर मांडलेली वेळेची अडचण बरीच सुटेल. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. रडार असल्याने त्याला ढगांची आडकाठी नाही. झाडोऱ्याचं वजन आणि जमिनीची ओल दर बारा दिवसांनी मोजता आली तर किती जळण साठलं आहे याचा अंदाज आधीच बांधता येईल. ड्रोनविषयी मला फारसा उत्साह वाटत नाही. जळीताची कडा बारकाईने मोजायला तो चांगला आहे, पण चार्जिंग, परवानगी आणि चालवणारा माणूस या तिन्हींची सोय वनपरिक्षेत्रात कायम असावी लागते.

मग कोहिनूरच्या पट्ट्यात आज काय करता येईल? नकाशाचे थर आधीच आहेत. कर्नाटकाच्या राज्य सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे राज्याचे भौगोलिक थर आहेत, आणि भूमापन खात्याचं दिशांक अॅप उभ्या जागेवरून सर्वे नंबर सांगतं. ठिपका पडला त्या पस्तीस एकरांत कोण्या गावकऱ्याने जाऊन, जळीताच्या कडेला उभं राहून मोबाइलवर सर्वे नंबर पाहिला, तर गायरान जळालं की खाजगी रान, हे दहा मिनिटांत ठरतं. उपग्रहाचं अपुरेपण माणूस भरून काढू शकतो, पण त्यासाठी त्याला कुणीतरी विचारायला हवं. तो माणूस घरी मराठी बोलतो, कार्यालयात कन्नड चालतं आणि अॅपच्या पडद्यावर अर्धं इंग्रजी असतं. दोन्ही भाषांत भरता येईल असा एक पानी तक्ता काढणं हे काही मोठं तंत्रज्ञान नाही, आणि त्यावाचून अडतं खरं.

मोजणी करणारे हातही जवळच आहेत. कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ २००९ पासून आळंद तालुक्यात कडगंचीला आहे, गुलबर्गा विद्यापीठ कलबुर्गीत आहे, आणि महाराष्ट्राच्या बाजूला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. फेब्रुवारी ते मे दर पाच दिवसांनी चित्र तपासून दोन जिल्ह्यांचा जळीत नकाशा ठेवणं हे भूगोलाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांचं काम आहे. चित्रं फुकट, सॉफ्टवेअर फुकट. तयार नकाशाला ठेवायला जागाही आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकनोंदवही असायला हवी. तिच्यात दर उन्हाळ्याचं जळीत एका पानावर यावं: गट, सर्वे नंबर, अंदाजे एकर, आग कुठून आली. तेच पान वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि तहसीलमध्ये जावं, म्हणजे जाळरेषा आखताना आणि गायरानाभोवती पट्टा नांगरताना ते हाताशी राहील. दंडाच्या नोटिशीला मात्र ते जोडू नये. तसं झालं तर पुढच्या वर्षी त्या पानावर कुणी खरं लिहिणार नाही.

एवढं उभं राहायला वेळ लागणार असेल तर निदान सूचना तरी मागवाव्यात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या प्रणालीत सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं. फर्म्सवर नकाशावर हवा तो भाग आखून तिथले ठिपके ई-मेलवर मागवता येतात, आणि तिथे जंगलाची चाळणी नाही, त्यामुळे गायरानातला ठिपकाही येतो. कोहिनूरसाठी तो भाग आखताना रेघ बिदरच्या हद्दीवर थांबवू नये. आग कलबुर्गीकडच्या माळावरूनही येते.